विहिरीवरचा खोपा आणि पत्र्याखालचं घरटं: सुगरण व खार, एका पावसाळ्याच्या नोंदी

9 जून. कृष्णाकाठ, पलूस तालुका

आमच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला दरवर्षी सुगरणीचे खोपे लटकतात. तिथून हाकेच्या अंतरावर गोठ्याच्या पत्र्याखाली खारी घरटी करतात. एक पाखरू, एक कुरतडणारं जनावर. दोघांची पिल्लं उघडीवाघडी, डोळे मिटलेली जन्मतात. दोघांकडेही पिल्लांचं बहुतेक सगळं आईच बघते. सामानही दोघं एकाच मळ्यातनं उचलतात. तरी घरं इतकी वेगळी का, हे शाळेतल्या नववीच्या मुलींना स्वतःच्या हातानं उकलून बघायचंय. पावसाळाभर लांबून बघायचं आणि सोडून दिलेली घरटी दिवाळीच्या सुट्टीत उकलायची, असं ठरलं.

पहिला विचार उसातल्या उंदराचा होता, तो सोडला. बीळ खणलं की मोडतं, मग त्याची रचना हाती लागत नाही. शिवाय उंदराच्या मुतातनं लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा रोग पसरतो, आणि ऐन पावसात चिखलातल्या बिळाशी मुलींना बसवणं मला पटत नव्हतं. खार दिवसा वावरते, माणसाला फारशी बुजत नाही आणि घरटं डोळ्यांना दिसेल असं करते.

असं काम कुणी करणार असेल तर खार कुठली ते आधी बघा. आमची तीन पट्ट्यांची आहे. पाच पट्ट्यांचीही एक जात असते, आणि दोघींचा गाभणकाळ वेगळा: तीन पट्ट्यांचीचा 34 दिवसांच्या आसपास, पाच पट्ट्यांचीचा चाळीसच्या वर. जात चुकली की तारखांचं सगळं गणित चुकतं.

दुसरं, घरट्याला हात लावायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. आपोआप पडलेलं आणि हंगाम संपल्यावर रिकामं झालेलं, तेवढंच आपलं. गावच्या वनरक्षकांना भेटून काय करणार आहोत ते सांगून ठेवलं.

23 जून

पाऊस लागला. सुगरणीच्या नरांची डोकी पिवळीधमक झाली आहेत. माद्या अजून दिसत नाहीत.

विहिरीच्या थारोळ्याशी बसून पाती काढताना बघायला मिळाली. नर उसाच्या वाढ्यावर बसला, पानाच्या कडेला चोचीनं खाच पाडली, खाचेची कड चोचीत घट्ट धरली आणि उडाला. सर्रकन लांब पट्टी फाटून आली. पानाच्या शिरा उभ्या जातात, त्यामुळे पट्टी सरळच फाटते. त्याला फक्त खाच कुठं पाडायची ते नेमकं कळावं लागतं. हिरवी पट्टी लवचिक असते, म्हणून ती फांदीभोवती गुंडाळता येते, आतून बाहेर ओवता येते. वाळल्यावर तीच पट्टी ताठर होते आणि वीण जागच्या जागी आवळून बसते. वाळलेलं पाचट खाली ढीगभर पडलेलं असताना एकही नर त्याच्याकडे वळला नाही.

मुली खोपे मोजत होत्या. मामंजी म्हणाले, "किती हायती ते मोजताय ते ठीक, पर कुठल्या अंगाला हायती ते बघा की." बघितलं तर जवळजवळ सगळे बाभळीच्या पूर्वेच्या अंगाला. आमच्याकडं पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे झाडाचा सगळा डेरा आडोशाला राहतो. वहीत दिशेचा रकाना वाढवला.

7 जुलै

मोजणी फसली. दोन गटांनी एकाच सकाळी मोजलेले आकडे जुळेनात. एका गटानं लटकणारं सगळं धरलं होतं, दुसऱ्यानं नळी असलेले तेवढेच. म्हणून चार खुणा ठरवल्या: फांदीला नुसता वेढा, गोल कडं, खालून उघडा टोप, नळीसकट पुरा खोपा. आधीच्या सगळ्या मोजण्या बाद केल्या.

या खुणांमुळे एक गोष्ट लगेच उलगडली. टोपाशी येऊन काम बरेच दिवस थांबलेलं दिसतं. नर टोपाला लटकून पंख फडफडवतो आणि कलकलाट करतो. मादी येते, आत बसते, वीण चोचीनं ओढून बघते. पसंत पडलं तर नर अंड्यांची खोली बंद करून नळी ओवायला घेतो, नाहीतर टोप तसाच लोंबत राहतो. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1930 च्या सुमारास कोकणातल्या किहीमला सुगरणींवर पाळत ठेवून हेच मांडलं होतं: बांधणारा नर, निवडणारी मादी, आणि एक खोपा मार्गी लागला की नर दुसरा सुरू करतो. झाडाखाली पडलेले अर्धवट टोप बघून पाऊस खोपे मोडतो असं आम्ही धरून चाललो होतो. त्यातले बरेचसे नापसंत होऊन सोडलेले असणार.

टोपात आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे थापलेले असतात. त्यावर काजवा चिकटवून सुगरण घरात दिवा लावते, असं इकडं म्हातारीकोतारी माणसं सांगतात. पडलेल्या टोपांत आम्हाला नुसती वाळलेली माती मिळाली. मातीच्या वजनानं टोप वाऱ्यात कमी भिरभिरतो, असा एक खुलासा आहे.

20 जुलै

आजची नोंद खारीची. माझ्या दृष्टीनं या पावसाळ्यातली सगळ्यांत मोलाची.

रात्रभर पाऊस होता. गोठ्याच्या पत्र्याचा एक खिळा सैल होऊन धार नेमकी घरट्यावर पडत होती. सकाळी खार बाहेर आली, तोंडात पिल्लू. पिल्लाच्या पोटाची कातडी दातांत धरलेली आणि पिल्लू तिच्या गळ्याभोवती वळून घट्ट बिलगलेलं. अंगावर लव नुकती फुटत होती, डोळे बंद. ती तुळईवरून धावत भिंतीवर, तिथून नारळावर गेली आणि झावळ्यांच्या बेचक्यात शिरली. मोकळ्या तोंडानं परत आली, दुसरं पिल्लू उचललं. तिसरं नेल्यावर ती पुन्हा आली, घरट्यात शिरली, सगळं हुंगलं, काही नाही बघून निघून गेली. नारळावर तिचं दुसरं घरटं आधीपासून तयार होतं. ते आमच्या वहीत नव्हतंच, आम्ही एका खारीला एक घरटं धरत होतो.

गोठ्यात धारा काढायला आलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "बिऱ्हाड हलवलं बघा तिनं." इथून पुढं दर खारीमागं आसपासची सगळी बेचकी आणि वळचणी तपासायच्या, असं ठरवलं. मुलींनी पत्र्याचा खिळा बसवून घेतला, पण खार त्या घरट्यात परत आली नाही. म्हणून उकलायला पहिलं घरटं हेच.

4 ऑगस्ट

काल संध्याकाळी वावटळ. बाभळीची एक फांदी मोडून विहिरीत गेली, तिच्यावर दोन पुरे खोपे होते. पोहऱ्यानं फांदी ओढून काढली. एका खोप्यात तीन पांढरी अंडी, दोन फुटलेली. दुसरा रिकामा. मादी दुपारपर्यंत मोडलेल्या जागी येऊन बसत होती.

पंधरा दिवसांपूर्वीची खार आणि आजची सुगरण शेजारी ठेवली की उत्तर दिसायला लागतं. खारीला जागा बदलता येते. घर गळकं निघालं, मांजराला वास लागला, तर पिल्लं तोंडात धरून ती दुसरीकडं जाते. अंडी तोंडात धरून नेता येत नाहीत. सुगरणीची मादी 14 ते 17 दिवस अंडी उबवते, मग पिल्लं आणखी साधारण तेवढेच दिवस आत असतात. तो महिनाभर खोपा जिथं टांगला तिथंच टिकला पाहिजे. मुलींना मी एकच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगितला: घर दगा देऊ लागलं तर आतल्यांना बाहेर काढता येतं का? इथून पुढचं प्रत्येक माप या प्रश्नाशी लावून बघायचं.

पडलेल्या खोप्यांचं वनरक्षकांना फोटोसकट कळवलं.

18 ऑगस्ट

कृष्णेला पाणी आलंय. मळ्याची वाट बंद, शाळेलाही सुट्टी. नोंद नाही.

8 सप्टेंबर

पाणी ओसरल्यावर वाट चालू झाली. मधल्या काळात किती पिल्लं उडाली ते कळायला मार्ग नाही, त्यामुळे यश-अपयशाचा रकाना पूर्ण सोडून दिला. अर्धवट आकड्यांवरून टक्केवारी काढायची नाही. फक्त बांधणीची तुलना करायची.

नारळावरच्या खारीची पिल्लं आता आईच्या मागं पळताहेत. धामण नारळाखालून गेली तेव्हा आई शेपूट झटकत चिप्-चिप्-चिप् करत राहिली. पिल्लं झावळीत जागच्या जागी थिजली. विहिरीवरच्या सुगरणींचा कलकलाटही क्षणभर थांबला.

6 ऑक्टोबर

हंगाम संपला. विहिरीवर सलग काही दिवस एकही सुगरण न फिरकल्याची खात्री झाल्यावर, खाली पडलेले आणि मोडक्या फांद्यांवरचे खोपे गोळा केले. झाडावर शाबूत आहेत त्यांना हात लावलेला नाही. थंडीत त्यातले काही मुनिया ही छोटी पाखरं रात्री झोपायला वापरतात.

खारीचं घरटं काढताना हातमोजे आणि मास्क. तरी एका मुलीच्या मनगटावर पिसवा चढल्या. तिथंच थांबलो. घरटं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. खोपेही तसेच. घरातल्या फ्रीजला सासूबाईंची साफ ना होती आणि ती रास्तच होती. शाळेजवळच्या आइस्क्रीमवाल्यांचा बंद पडत आलेला जुना डीप फ्रीजर मिळाला, विजेचे पैसे देऊन. यात जवळजवळ आठवडा गेला. कुणी हे काम करणार असेल तर फ्रीजरची सोय आधी करा, घरटी नंतर आणा.

19 ऑक्टोबर

खोपा उकलायला घेतला आणि पहिल्या तासातच काम अडलं. वाळलेल्या पट्ट्या ओढल्या की तुटतात. तुटलेल्या तुकड्यांवरून मूळ लांबी कळत नाही. चिमटा बदलला, सुई वापरली, तरी तेच.

मामंजींनी तोडगा काढला. केरसुणी बांधताना शिंदीची पानं जशी ओल्या पोत्यात घालून ठेवतात, तसा खोपा ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवायला सांगितला. सकाळी पट्ट्या मऊ झाल्या होत्या, एकेक पट्टी सुटून येऊ लागली. जास्त वेळ ओल राहिली की बुरशी धरते, म्हणून एका वेळी एकाच खोप्याला ओल द्यायची.

आत सापडलं ते असं. बहुतेक सगळा खोपा उसाच्या पानाच्या पट्ट्यांचा, थोड्या गवताच्या. फांदीला धरणाऱ्या गाठींतल्या पट्ट्या रुंद आणि लांब, काही दोन वितींहून मोठ्या. अंड्यांच्या खोलीच्या पट्ट्या बारीक. नळीच्या त्याहून बारीक आणि विरळ ओवलेल्या, इतक्या की बोटानं दाबली की नळी चेमटते. साप किंवा कावळ्याला तिथं आधार मिळत नाही. म्हणजे सामान एकच, पण कुठं किती रुंद फाडायचं ते ठरलेलं.

फांदीच्या गाठीवर भिंग धरून एक मुलगी बराच वेळ बसली होती. पट्टी फांदीभोवती दोन वेढे घेते, मग स्वतःच्याच खालून निघून मागं वळते आणि टोक परत विणीत खुपसलेलं असतं. तिनं सुतळीनं पेन्सिलीवर तशीच गाठ मारायचा प्रयत्न केला, दोन्ही हात वापरून. जमली, पण सैल. नर हे एका चोचीनं आणि पायानं धरून करतो.

आतलं अस्तर फारच थोडं. बुडाशी जरा मऊ गवत, बस्स.

2 नोव्हेंबर

खारीचं घरटं. याला ओल द्यायची गरज पडली नाही. हे विणलेलं नाहीच, दाबून भरलेलं आहे. थर हातानं सुटे होतात.

बाहेरून पाचट आणि वाळलं गवत. त्याच्या आत नारळाचा काथ्या, बारदानाचे धागे. अगदी मध्ये कापूस, गोधडीच्या चिंध्या, म्हशीचे केस. काथ्याच्या टोकांवर भिंग धरलं की दातांचं काम दिसतं: तिरकी कातर, कडेला बारीक तंतू पिंजलेले. सुगरणीच्या पट्टीची कड सरळ फाटलेली, खारीच्या धाग्याचं टोक कुरतडलेलं. दोन्ही टोकं एका काचपट्टीवर शेजारी चिकटवून ठेवली आहेत. कुणालाही विचारा, कुठलं कुणाचं ते क्षणात सांगता येतं. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडणं तिला चुकत नाही. घरट्याचं सामान तयार करणं हा त्याच सवयीचा एक भाग झालाय.

आणि आतल्या कापसाच्या थरात खताच्या पोत्याचे पांढरे प्लॅस्टिक धागे. एकदोन नव्हेत, मूठभर. द्राक्षबागेत काड्या बांधायच्या हिरव्या प्लॅस्टिक सुतळीचे तुकडेही. एका ठिकाणी धाग्याचा फास होऊन त्यात पिल्लाची बारीक लव अडकलेली होती. पिल्लू सुटलं असावं, हाडं काही नव्हती. पण तो फास करंगळीएवढा होता. मुली गप्प झाल्या. मी तो तसाच वेगळ्या पाकिटात ठेवला.

खोप्यांत प्लॅस्टिक आम्हाला जवळजवळ नाही मिळालं. सुगरणीला हिरवी, फाडता येणारी पट्टी लागते, ती उसात भरपूर आहे. खार मऊ लागेल ते उचलते, तिला ते कुठून आलं याचं सोयरसुतक नाही. उकिरड्याचा पहिला फटका तिच्या पिल्लांना बसणार.

9 नोव्हेंबर

पाण्याची चाचणी. दोन्ही घरटी दोरीला टांगून वरून झारीनं पाणी, आत टिपकागद. खारीचं घरटं चिंब झालं. खोप्याचा कागद घुमटाखाली बराच कोरडा राहिला, कडेनं भिजला.

पहिल्यांदा असा निकाल लिहून टाकला की खोपा सरस. मग 20 जुलैची नोंद परत वाचली. खार उघड्या पावसात घरटं करतच नाही. पत्रा, झावळी, ढोली, वळचण असं छप्पर ती आधी शोधते आणि मग आत मऊ भरते. चाचणीच वाकडी होती. दुसऱ्यांदा खारीचं घरटं पत्र्याच्या तुकड्याखाली ठेवून, वाऱ्याच्या दिशेनं तिरकं पाणी मारलं. बाहेरचं पाचट ओलं झालं, कापूस कोरडा. दोघांची तुलना करायची तर जागेसकट करा, नुसतं घरटं टांगून नाही.

16 नोव्हेंबर

उबेची चाचणी. पिल्लाऐवजी औषधाच्या छोट्या बाटलीत कोमट पाणी आणि वायरचा डिजिटल तापमापक. एक बाटली खोप्यात, एक खारीच्या घरट्यात, एक उघड्यावर. पहाटेच्या थंडीत केली. पहिल्या खेपेला बाटल्या सारख्या भरल्या नव्हत्या, आकडे टाकून दिले. पुढच्या वेळी सिरिंजनं मोजून भरल्या.

उघड्यावरची बाटली सगळ्यांत आधी निवली. खोप्यातली त्यामागोमाग. खारीच्या घरट्यातली सगळ्यांत सावकाश, आणि फरक लक्षात येण्याजोगा. याचंही कारण जागेत आणि वेळेत आहे. सुगरणीची अंडी-पिल्लं पावसाळ्याच्या उबट दिवसांत असतात आणि उबवताना मादी बराच वेळ आत असते. तीन पट्ट्यांची खार वर्षभरात कधीही विते, थंडीतसुद्धा. तिची पिल्लं दोन महिन्यांहून जास्त दूध पितात, आणि ती खायला बाहेर गेली की पिल्लांना अंगावरच्या कापसावरच निभवायचं असतं. खोपा पडू नये म्हणून बांधलेला आहे, खारीचं घरटं निवू नये म्हणून भरलेलं. पहिल्या पानावरच्या प्रश्नाला मुलींनी आता हेच लिहिलंय, त्यांच्या शब्दांत.

23 नोव्हेंबर

खर्च: दोन तापमापक, भिंग, हातमोजे, मास्क, फ्रीजरची वीज, पाकिटं, मिळून हजाराच्या आतच. सगळ्यांत महाग पडला तो वेळ: पुराचे दिवस, फ्रीजरची शोधाशोध आणि बाद झालेल्या मोजण्या.

फासाचं पाकीट घेऊन मुली शेजारच्या द्राक्षबागेत गेल्या. बागायतदार अण्णांनी धागा उजेडात धरून बघितला, म्हणाले, "ही आमचीच सुतळी हाय." छाटणीनंतर तोडलेले तुकडे बांधावर न टाकता पोत्यात भरायचे, असं त्यांनी मजुरांना सांगितलंय. काही ओळींना पुढच्या हंगामात तागाची सुतळी लावून बघणार आहेत. ती दोन पावसांत कुजेल का आणि काडी सुटेल का, ही त्यांची शंका खरी आहे, ती बघावी लागेल. आमच्या गोठ्यातली खताची रिकामी पोती तोंड शिवून भंगारवाल्याला द्यायला सुरुवात केली. गोठ्याच्या कोपऱ्यात मोकळा सुती कापूस आणि काथ्याचा एक पुंजका ठेवलाय, खार तो उचलते का बघायला. आत्तापर्यंत काथ्या नेला आहे, कापसाला तोंड लावलेलं नाही.

पुढच्या जूनसाठी राहिलेलं: एकाच नराचे टोप ओळखता यावेत म्हणून झाडाचा फांदीवार नकाशा, विहिरीच्या काठाला पक्का कठडा, आणि खारीच्या दुसऱ्या घरट्यांची यादी आत्तापासून.